ऑरिकाच्या घरी आलेलं मशीन

वॉशिंग मशीन टेम्पोतून उतरलं आणि शेजारच्या ऑरिकाच्या फाटकातून आत गेलं. खोक्याची एक बाजू ड्रायव्हरने धरली होती आणि दुसरी इलारिएने. कुंपणाच्या अलीकडे झाम्फिरा टबात चादर पिळत होती. आपला नवरा विधवा शेजारणीकडे कोरं करकरीत मशीन पोचवतोय आणि वर ड्रायव्हरच्या कागदावर सहीही तोच करतोय, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

मशीनसाठी ती किती वर्षं त्याच्या मागे लागली होती. मका विकला गेला की तो म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. ती विहिरीच्या पाण्यात कपडे धूत राहिली. हिवाळ्यात बोटं फुटायची, मग रात्री त्यांना चरबी चोळून झोपायचं. आणि आता मशीन आलं, तर ते ऑरिकाच्या दारात.

ऑरिका गोल, गुलाबी, हसरी. झाम्फिराचा स्कर्ट मात्र हल्ली कमरेवर टिकत नसे, पिनेने आवळून ठेवावा लागे. अशा वाळक्या बाईकडे कोण बघणार, हे तिचं तिलाच पटलं. मग एकेक गोष्ट जुळत गेली. ईस्टरच्या आधी इलारिए तिला क्रायोवा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला होता. डॉक्टर त्याच्याशी बाजूला काहीतरी बोलले आणि तिला शक्तीच्या गोळ्या दिल्या. परतीच्या बसमध्ये हा तोंडातून शब्द काढेना. तिकिटाचे पैसे मनाला लागले असतील, असं तेव्हा तिला वाटलं होतं. तो कुणाच्या विचारात होता, ते आता कळलं. त्या दिवसापासून नवरोबा एकदम मऊ झाले होते. न सांगता विहिरीचं पाणी ओढायचे, तिच्या खांद्यावर शाल टाकायचे, एकदा तर चक्क सूप करून पुढ्यात ठेवलं. जन्मभर हूं की चूं न करणारा बाप्या अचानक गोड वागायला लागला की कुठेतरी पाणी मुरत असतं, हे कळायला तिला शाळेत जावं लागलं नव्हतं.

इलारिए घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"झालं का मिरवून?"

त्याने टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला.

"बोल की. तिची धुणी धुवायला मशीन. आणि मला काय, साबणाची वडी?"

"तसं नाही गं."

"मग आपल्या घरी का नाही आणलंस?"

"घरी आणलं असतं तर तू नाही नाही ते विचारत बसली असतीस," तो म्हणाला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला मागे निघून गेला. दाणे तर तिने सकाळीच टाकले होते.

झाम्फिरा ओल्या हातांनीच ऑरिकाकडे निघाली. आज त्या बाईच्या झिंज्या उपटायच्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचं, एवढं तिने वाटेत ठरवून टाकलं होतं. मशीन व्हरांड्यात उभं होतं. वर कोरा टॉवेल घडी करून ठेवलेला होता आणि टॉवेलात एक मेणबत्ती बांधलेली होती.

तोंडापर्यंत आलेली शिवी झाम्फिराने गिळली. टॉवेल आणि मेणबत्तीचा अर्थ आमच्या ओल्तेनिया प्रांतात शेंबड्या पोरालाही कळतो. ही भेट नव्हती, दान होतं. माणूस गेलं की त्याच्या नावाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना वस्तू द्यायची. ते ती वस्तू इथे वापरतात आणि गेलेल्याला ती तिकडे मिळते. पूर्वी लोक ताटली द्यायचे, घोंगडी द्यायचे. हल्ली फ्रीज देतात, मोबाइल देतात, तोही चार्जरसकट. इलारिएच्या काकाने तर जिवंतपणीच स्वतःच्या नावाने टीव्ही देऊन ठेवला होता. मागाहून पोरं विसरतील, असा त्याला वहीम होता.

"मी त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत, झाम्फिराताई," ऑरिका घरातून बाहेर येत खालच्या आवाजात म्हणाली. "अशा वस्तूचे मानत नाहीत."

"माहीत आहे मला."

झाम्फिराला लाज वाटली. मघापासून मनात काय काय येऊन गेलं होतं. हे सासूबाईंच्या नावाचं असणार, तिने ताडलं. म्हातारी बिचारी नदीवर कपडे बडवून बडवून गेली. म्हणजे मेलेल्या आईला मशीन आणि जिवंत बायकोला टब. तिचा मत्सर कमी झाला खरा, पण गेला नाही. एका बाईवरून उठला आणि दुसरीवर जाऊन बसला.

"वापर बाई, खुशाल वापर," ती म्हणाली. "सासूबाईंना तिकडे सुख लागू दे. पण मला सांगायला याचं काय जात होतं?"

ऑरिका टॉवेलाची घडी उगाच सारखी करू लागली.

"सासूबाईंच्याच नावाने दिलं ना?"

"बस ना, ताई. कॉफी टाकते."

"कॉफी राहू दे. देताना नाव घ्यावंच लागतं. तुझ्यासमोरच घेतलं असेल. कुणाचं घेतलं?"

ऑरिकाने तिचे दोन्ही ओले हात आपल्या हातांत धरले.

"तुझं," ती म्हणाली.