खाटेशेजारचं मशीन

“अजून वीस मिनिटं,” लॅबमधून उत्तर आलं आणि सिस्टरने फोन आपटला.

“अर्ध्या तासापूर्वीही वीसच होती! यांचं घड्याळ काय झोपा काढतं?”

तीन नंबरच्या खाटेवर बसड्रायव्हर छाती धरून पडला होता. ईसीजी धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. आता सगळी भिस्त रक्तातल्या ट्रोपोनिनवर. हृदयाला इजा झाली असेल तर ते वाढणार. खाटेशेजारचं मशीन पंधरा मिनिटांत सांगायचं, पण आज नेमकं तेच कामातून गेलेलं.

रोज ड्यूटी सुरू होताना ठणठणीत माणसाच्या रक्ताचा थेंब घालून मशीन तपासायचं, ही सिस्टरचीच शिस्त. आज त्या थेंबावर मशीनने सरळ हार्ट अटॅक दाखवला! “अक्कल गहाण टाकलीय मेल्याने,” म्हणत तिने ते लॅबकडे तपासायला धाडून दिलं.

“सिस्टर, यांना काही होणार नाही ना?” ड्रायव्हरच्या बायकोने विचारलं.

“मी आहे ना, ताई.”

ती बोलली खरी, पण आतून नुसती चिडचिड होत होती. माणूस तळमळतोय आणि आपण हात चोळत बसायचं!

फोनवर ओरडून ओरडून तिचा जबडा दुखायला लागला होता. पेशंट उचलून डावा खांदा भरून आला होता. तिने पित्ताची आणखी एक गोळी चघळली आणि कपाळ पुसलं. घामाने बोटावरची चिकटपट्टी सुटत आली होती, ती परत दाबून बसवली.

“जरा बसा तरी,” ड्रायव्हर म्हणाला. “माझ्यापेक्षा तुमचाच चेहरा उतरलाय.”

“तुम्ही गप पडून राहा. मला काय धाड भरलीय?”

अखेर लॅबवाला स्वतःच आला. एका हातात रिपोर्ट, दुसऱ्या हातात मशीन.

“यांचं ट्रोपोनिन नॉर्मल आहे.”

ड्रायव्हरच्या बायकोला रडूच फुटलं.

“एवढ्यासाठी तासभर?” सिस्टर कडाडली.

“ऐका तर. यांचं आणि आणखी चार पेशंटचं रक्त तुमच्या मशीनवरही तपासलं. सगळे आकडे आमच्याशी जुळले. मशीनला काहीसुद्धा झालेलं नाही.”

“मग सकाळी काय झालं होतं?”

“तेच विचारायला आलोय. सकाळी रक्त कुणाचं घातलं होतं?”

सिस्टरने बोटावरच्या चिकटपट्टीकडे पाहिलं आणि ती चार नंबरच्या रिकाम्या खाटेवर बसली.