कोपऱ्यातली अक्षरं

"पेपर जरा वर धर," नवरा म्हणाला.

तिने वर्तमानपत्राचं पान नाकापर्यंत उचललं. कॅमेऱ्याच्या दुकानात मागच्या भिंतीला पाठ लावून ती उभी होती आणि समोर काउंटरला रेलून तो एक डोळा मिटून नेम धरत होता. नवी लेन्स कशी आहे हे बघायचं तर तो घरी असंच पान भिंतीला चिकटवायचा, त्याचा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर मोठा करून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचत बसायचा. इथे दुकानदाराने भिंतीला चिकटपट्टी लावू दिली नाही, रंग नवा होता. म्हणून पान तिच्या हातात आलं.

संध्याकाळी पाचला तिला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं आणि उद्या सकाळी जबड्याचं ऑपरेशन. डावी बाजू काढायची. डॉक्टरांनी कागदावर पेनाने रेघ मारून दाखवलं होतं, किती ते. त्याच दिवशी ती घरी येऊन म्हणाली होती, आख्ख्या चेहऱ्याचा एक चांगला फोटो काढून ठेवायचा. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत दहा मिनिटांत काम झालं असतं, पण नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वीस वर्षं कॅमेरा गळ्यात घालून फिरतोय मी, आणि माझी बायको स्टुडिओत जाऊन बसणार?" मोबाइलवरच्या फोटोला तर तो फोटोच म्हणत नव्हता. त्याच्याकडच्या सगळ्या लेन्स पक्ष्यांसाठीच्या. चेहऱ्यासाठी वेगळी लागते म्हणे. झालं! बारा दिवस ते घोंगडं भिजत पडलं ते आजपर्यंत.

क्लिक झालं. त्याने कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ नेला.

"डावीकडे मार खातेय."

तिचा हात आपसूक गालाकडे गेला.

"कोपऱ्यात गं. हे 'भाड्याने देणे आहे' बघ, नुसतं पुसट. दुसरी लावा हो."

दुकानदाराने दुसरी लावली. मग तिसरी. मग परत पहिली, कारण दुसरीसमोर पहिली बरी वाटायला लागली होती. तिचे दंड भरून आले. एकदा पान घसरून पार छातीपर्यंत खाली आलं आणि ती तशीच उभी राहिली, सरळ त्याच्याकडे बघत. काढ बाबा, आत्ता काढ. त्याने कॅमेरा खाली घेतला आणि वाट बघत थांबला.

"पान खाली आलंय."

"अहो, एक नुसता माझा काढा ना. पेपर ठेवते मी बाजूला."

"तुझाच तर काढायचाय! त्यासाठीच हा सगळा खटाटोप चाललाय ना? लेन्स तर ठरू दे. एवढा महत्त्वाचा फोटो, तो काय कशानेही काढायचा?"

तो घाबरलाय, हे तिला कळत होतं. डॉक्टरांनी ती रेघ मारल्यापासून त्याने तिच्या तोंडाकडे धड पाहिलं नव्हतं. जेवताना ताटात बघायचा, बोलताना खिडकीबाहेर. पण जबडा कुणाचा जाणार होता? तिला त्याचा भयंकर राग आला. तिने पान पुन्हा नाकापर्यंत नेलं.

अकरा फोटो झाले. घड्याळात सव्वाचार. दुकानदारही आता कंटाळला असावा. "तसं म्हटलं तर काका, दोन महिन्यांत हिचं नवं मॉडेल येतंय. कोपऱ्यांची तक्रार त्यात नाही म्हणतात."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. तोंडावर दिसलंच ते. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? थांबूच की मग! उगाच घाई कशाला?"

"आज जायचंय मला," ती म्हणाली.

"हो गं. पण नंतर काढू ना. बरी होऊन घरी ये, मग निवांत काढू." हे तो लेन्सला झाकण लावता लावता बोलला, लेन्सकडे बघत.

दुकानदाराने कॅमेरा हातात घेतला. "कार्ड दुकानाचं आहे काका. हे पुसून टाकू?"

"पुसा, पुसा. टेस्टचे तर आहेत."

"थांबा. मला बघू द्या," म्हणून तिने कॅमेरा मागून घेतला आणि एकेक फोटो पुढे सरकवत गेली. अकराच्या अकरा सारखेच. अक्षरं खणखणीत उठली होती, छोट्या जाहिरातींतले फोन नंबरसुद्धा वाचता येत होते. त्यांच्या वर तिचे दोन डोळे. नाकाखाली सगळा कागद.

तिने कॅमेरा काउंटरवर ठेवला, खालची कपड्यांची पिशवी उचलली आणि दुकानदाराला म्हणाली, "पुसू नका. ह्यांना देऊन टाका. उद्यापासून माझे फोटो असेच काढायचेत."