फक्त शनिवार-रविवार

कोथरूडच्या एका शाळेत दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग भरली होती. पहिल्यांदाच आलेल्या सुदर्शनने बाकावर आधी रुमाल अंथरला, मग स्वतःला ठेवलं. कात्रजची चार एकर विकून पिऊन टाकलेला जयसिंग उठला. "मी जयसिंग. मी दारुडा हाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुदर्शनची पाळी आली. तो उठलाही नाही. "मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. बायकोच्या हट्टापायी आलोय. तुमच्यासारखी देशी ढोसून मी रस्त्यावर लोळत नाही. स्कॉच घेतो, तीही फक्त शनिवार-रविवार."

टाळ्या वाजल्या नाहीत. शेजारच्या जयसिंगने नाक चोळलं आणि आपला चहा त्याच्यापुढे सरकवला.

"घ्या साहेब, तोंडाचा वास जाईल. आज मंगळवार हाय."