झडपेची जागा

हृदयाची झडप बदलायला सोमवारी सकाळी सुरतला निघायचं होतं, तरी बिस्मिल्लाने रविवारी शहाद्यातलं बांगड्यांचं दुकान उघडलं. ब्राह्मणपुरीच्या रुक्मिणीबाईंच्या घरी लग्न होतं आणि त्या दुसऱ्या कुणाच्या हातून बांगड्या भरून घेत नसत.

दर दोन बांगड्यांनंतर बिस्मिल्ला थांबे, दम घेई.

"छाती फाडतीन का वं डॉक्टर?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"नही. मांडीनी नसमाईन झडप लई जातीन, घडी करेल. मझार, दिलमा गयी का उघडस."

"आनि जुनी?"

"घरमा सून उनी का सासू भीतले लागस, तसं."

रुक्मिणीबाई हसल्या. "पन तुन्ही झडपनी जागा लहान शे म्हने."

"ढिली बांगडी आपटीसन फुटस. घट्ट बसस ती टिकस." बिस्मिल्लाने मागे मान वळवली. "मन्ही पोरनी ठरायेल शे. तिनी सम्दं वाचेल शे."

मागे तबस्सुम फाईल घेऊन बसली होती. छाती उघडून झडपेची जागा मोठी करायची, की आहे त्या जागेतच ही घडीची झडप बसवायची, असे दोन मार्ग डॉक्टरांनी सांगितले होते. "तू पढी-लिखी है, तू बोल," अम्मी म्हणाली होती. तबस्सुमने महिनाभर वाचलं आणि दुसरा मार्ग सांगितला. आवाज ठाम ठेवून.

रुक्मिणीबाई गेल्यावर बिस्मिल्लाने मुलीचा हात हातात घेतला, अंगठा आत दुमडला. बांगडी अडली.

"हाथ ढीला छोड, बेटा."

हात सैल होईना. बिस्मिल्लाने पन्नास वर्षं बायकांचे हात धरले होते. भ्यालेला हात तिला न बघता कळे.  तिने ती बांगडी बाजूला ठेवली, एक माप मोठी घेतली आणि अलगद चढवली. मग समोरून चहा मागवला. पायरीवर बसून दोघी तो सावकाश प्यायल्या.

झडप नीट बसली. चौथ्या दिवशी बिस्मिल्ला गेली. हृदय आधीच फार थकलं होतं, डॉक्टर म्हणाले.

चाळिसाव्याच्या विधीनंतर तबस्सुमने दुकान उघडलं. रुक्मिणीबाई येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुन्ही माय सांगे, मन्ही पोरले सम्दं माहीत शे."

तबस्सुमने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"नही, मावशी. मले बी माहीत नव्हतं. तिले सांगानं ऱ्हायी गयं."