धुळोबा

नव्या दुर्बिणीने टिपलेला वर्णपट पडद्यावर उमटला आणि खगोलशास्त्रज्ञ बाईंनी तो पुन्हा पुन्हा तपासून पाहिला. ज्या लाल ठिपक्याला त्या सात वर्षं विश्वातली सर्वांत दूरची, सर्वांत जुनी दीर्घिका म्हणत आल्या होत्या, तो मुळात इतका दूर नव्हताच. तो लाल दिसत होता तो अंतरामुळे नव्हे, धुळीमुळे.

हे त्यांना एकाने आधीच सांगितलं होतं. त्यांच्याच हाताखाली संशोधन करणाऱ्याने. भर बैठकीत उभा राहून तो म्हणाला होता, "मॅडम, ही नुसती धूळ असू शकते." बाईंनी तिथल्या तिथे त्याचं नाव 'धुळोबा' ठेवलं. सगळा विभाग पोट धरून हसला. पुढे त्याची आकडेमोड त्यांनी न वाचताच बाजूला सारली, शिफारसपत्र द्यायचं टाळलं. वर्षभरात तो संशोधन सोडून गेला. त्याच ठिपक्याच्या आधारे, विश्वाच्या सुरुवातीच्या दीर्घिका किती झपाट्याने वाढल्या, यावरचं बाईंचं पुस्तक त्यानंतर आलं. मानसन्मानही आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पत्ता शोधत पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पोचल्या. आधी त्याची माफी मागायची, मग जगाला सांगायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. तो नळाच्या पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. केस अकालीच पिकले होते. बाईंना पाहून त्याने लगबगीने स्टूल पुढे केलं.

"बसा ना मॅडम. चहा सांगू?"

"नको रे."

इकडचं तिकडचं बोलणं झालं. आई गेली, म्हणाला. बायको शाळेत शिकवते, म्हणाला. आवाजात कडवटपणा औषधालाही नव्हता. माफी मागायला म्हणून बाईंनी तोंड उघडलं, पण निघालं ते भलतंच.

"तुझी ती जुनी आकडेमोड... आहे का रे अजून?"

"छे! इथे लागलो त्याच वर्षी वह्या जाळल्या. संगणकावरचंही सगळं पुसलं. आपलंच डोकं फिरलं होतं, अशी मनाची समजूत घातली. त्याशिवाय झोपच लागेना."

"आणि दुसऱ्या कुणाकडे?"

"धुळोबाचं कोण जपून ठेवणार, मॅडम?"

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. टाकून झाल्यावर त्यांना तो ऐकू आला.

त्यालाही आला. चिठ्ठी चिकटवता चिकटवता त्याचा हात थांबला. त्याने मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "मी बरोबर होतो."