गुलाबी ओढणी

त्या साली राळेगावकडं कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलती बरं का, आन् फवारा मारला का औषध सारं तोंडावर येये. म्हणून प्रफुलनं बायकोची पातळ गुलाबी ओढणी डोळ्याइसकट साऱ्या तोंडाले बांधली. बाजूच्या वावरातून नयननं पाह्यलं, आन् हा पठ्ठ्या गप्प बसते का? साऱ्या मजुराइले आवाज देल्ला, "अबे, पाहा पाहा, नवी नवरी आली फवाराले! प्रफुलबाई, घुंगट तं वर करा!"

सारे पोट धरून हासले. प्रफुलनं ओढणी सोडली, वावराच्या काठी धुऱ्यावर फेकली आन् दिवसभर उघड्या तोंडानं फवारलं.

चौथ्या दिवशी नयन त्याले पाहाले यवतमाळच्या दवाखान्यात गेला. प्रफुलच्या दोन्ही डोळ्याइवर पट्ट्या होत्या. आवाज ओळखून तो म्हणे, "नयन, तुही फवारणी राह्यली असन ना बे? तोंड बांधून घेत जाय. लाजू नको, आता मले काही दिसत नाही."

नयन सकाळीच तोंड बांधून फवारून आलता. त्याच्या सोताच्या बायकोची ओढणी अजून त्याच्या खिशातच होती.