नाबोथचे साक्षीदार

मृणालिनीने कॅमेरा खाली सरकवला आणि चित्रातल्या दोन साक्षीदारांच्या पायांखालची काळी पट्टी पडद्यावर नाहीशी झाली. खाली अक्षरं होती.

"काय दिसता?" शेजारच्या नानांनी विचारलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना माणसं दिसत, अक्षरं नाही.

"नावं. चित्रकाराच्या गावातल्या दोन व्यापाऱ्यांची असावीत."

ते तीनशे वर्षांपूर्वीचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र होतं. गोष्ट बायबलमधली. नाबोथ आपला द्राक्षमळा राजाला देत नाही, म्हणून राणी दोन खोटे साक्षीदार उभे करते आणि लोक नाबोथला दगडांनी मारतात. चित्रकाराने राजाला आपल्याच नगराध्यक्षाचे कपडे चढवले होते. पुढे कोणीतरी घाबरून नावांवर शाई फासली. इन्फ्रारेड कॅमेऱ्याला ती शाई दिसत नव्हती. खालची काजळीची, छपाईची शाई दिसत होती.

"म्हणजे आपल्या सोसायटीसारखाच," नाना हसले. "आता माझा बघ."

त्यांनी पिशवीतून तक्रारीची झेरॉक्स काढली. अख्ख्या इमारतीत पुनर्विकासाला सही न दिलेले ते एकटेच. दोन रहिवाशांनी लिहून दिलं होतं, की नाना गॅस उघडा ठेवतात, त्यांनी इथे राहणं धोक्याचं आहे. उद्या उपनिबंधक कार्यालयात सुनावणी होती. झेरॉक्स देताना कार्यालयाने तिच्यावरच्या तक्रारदारांच्या सह्यांवर काळा मार्कर फिरवला होता.

"हे नाही जमायचं, नाना. हा मार्कर वेगळा असतो."

"बघ तरी गो. कोणाच्या बाजूक बसूचा नाय, ता तरी कळांदे. सगळ्यांनी पाठ फिरवल्यानी. एक समोरची द्रौपदी तेवढी दोन वेळचो डबो धाडता. उद्या माझ्या बाजून बोलतली पण तीच."

मृणालिनीने झेरॉक्स कॅमेऱ्याखाली ठेवली. याच इमारतीतली तिची खोली एवढीशी, की कॅमेऱ्याचा स्टँड भिंतीवरच्या नव्या इमारतीच्या नकाशाला टेकला होता. तिने कागद सरळ केला, फोटो घेतला. मार्करखालून दोन सह्या वर आल्या.

नाना पडद्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होते. "वाच."

"पहिली दत्ताराम साटम."

"तो असतलोच. दुसरी?"

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वाईट वाटून घेऊ नका, नाना. द्रौपदी."

नानांनी कागदाची घडी केली. ती नीट बसेना, म्हणून पुन्हा केली.

"मग तिका नको उद्या," ते दारात थांबून म्हणाले. "तू येशीत माझ्याबरोबर?"

"येईन," मृणालिनी म्हणाली, आणि पडद्यावरची स्वतःची सही पुसून टाकली.